यो न आनि तो न

माझं नाव अरुणा. पण आठवीत जाईपर्यंत मला ते म्हणता येत नव्हतं. घरी मी अरुना होते, गावात अरुना होते, आणि खाडीवर चिंबोऱ्या धरायला निघाले की मागून हाक यायची तीही "अरुने, थांब गो" अशीच. शाळेत पाध्ये सर हजेरी घेताना "अरुणा म्हात्रे" म्हणत तेव्हा ही कुणी दुसरीच मुलगी असावी असं वाटायचं आणि मी तिच्या वतीनं "हजर" म्हणून मोकळी व्हायचे. आमच्या अख्ख्या गावाच्या तोंडात ण नव्हता. कुणी तो काढून घेतला होता असं नाही, त्याची कधी गरजच पडली नव्हती. पानी प्यायलं की तहान भागायची, लोनचं खाल्लं की जेवण सरायचं, आणि उरणच्या एस्टीला "उरन" म्हटलं तरी ती गुमान उरणलाच जायची. आता फोनसमोर बोललं की तो आपला आपण लिहून काढतो. कधी गंमत म्हणून "पानी" म्हणून बघते, तर हा शहाणा "पाणी" लिहून मोकळा होतो. पाध्ये सरांनी त्याच्यावरही मेहनत घेतली असावी.

आमचं घर कळंबोलीच्या अलीकडे, खाडीकाठच्या गावात. मागच्या दारी चिखल, खारफुटी आणि बंद पडत चाललेली मिठागरं. पुढच्या दारी नवं शहर. आमची भातशेती त्या शहरात गेली होती आणि तिच्यावर चार-चार मजल्यांच्या इमारती उभ्या राहत होत्या. आईच्या मात्र हे गावीही नव्हतं. ती पत्ता सांगायची तो शेताचाच. "ती चश्म्यावाली बाई ना, ती आपल्या वरल्या खाचरान ऱ्हाते, दुसऱ्या माल्यावर." दिवसभर लोखंड बाजारातून सळ्या आणि पत्रे उतरवल्याचा खणखणाट यायचा आणि आमची आत्या, म्हणजे बाबांची थोरली बहीण, जी नवरा गेल्यापासून आमच्याकडेच असायची, तिला त्या आवाजाशिवाय दुपारी झोप लागेनाशी झाली होती. रविवारी बाजार बंद असला की ती या कुशीवरून त्या कुशीवर करायची.

बाबा तळोज्याला रंगाच्या कंपनीत होते. कपड्यांना लावतात तो रंग तिथे पिंपांत तयार व्हायचा आणि त्यातला थोडा बाबांबरोबर घरी यायचा. कितीही घासलं तरी हात कोपरापर्यंत रंगलेलेच. एखादा आठवडा पिवळे बाबा, एखादा आठवडा निळे. आई भाकऱ्या थापता थापता दारात त्यांची चाहूल लागली की न बघताच विचारायची, "आज कंचा?" आणि बाबा म्हणायचे, "जांभला." मग गरम पाणी, साबण, आणि तांदळाच्या भाकरीबरोबर निवट्यांचं कालवण. निवटी म्हणजे खाडीच्या चिखलात उड्या मारणारा छोटा मासा. तो धरायला जातो त्याची हमखास फजिती होते, पण कालवण असं होतं की फजिती विसरायला होतं. मला अजूनही कुणी आवडता पदार्थ विचारला तर मी लोकांना कळेल असं काहीतरी सांगते आणि मनात निवट्या म्हणते.

शाळा नव्या वसाहतीत होती. इमारत अर्धीच झालेली, जिन्याला कठडा नाही, पण वर्गात एक पंखा होता. बाकांच्या दोन रांगा. एक पंख्याखालची, दुसरी खिडकीकडची. पाध्ये सर आम्हाला मराठी शिकवायचे. ते पेणचे. गावाच्या नावातच ण असल्यामुळे तो त्यांना जन्मजात येत होता. माणूस फार भला. कुणी डबा विसरला तर स्वतःच्या डब्यातली पोळी द्यायचे, पावसाळ्यात छत्री देऊन स्वतः भिजत जायचे. फक्त उच्चार चुकला की त्यांना खरोखर दुखायचं, दाढ दुखावी तसं. त्यांनी एक नियम केला होता. धडा वाचताना ज्याचे उच्चार शुद्ध त्यानं पंख्याखाली बसायचं, ज्याचे चुकतील त्यानं खिडकीकडे, सुधारेपर्यंत. त्यात वाईट हेतू काडीचाही नव्हता. पण जूनमध्ये खिडकीकडे गेलेले आम्ही दिवाळी झाली तरी तिथेच होतो. वसाहतीतली, फ्लॅटमधली मुलं पंख्याखाली आणि गावातली झाडून सारी खिडकीकडे. आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. वीज सारखी जायची आणि खिडकीतून खाडीचा वारा फुकट यायचा.

त्या वर्षी इतिहासाला वाघमारे बाई आल्या. परभणीकडच्या, वयानं लहान, उंच, आणि वर्गात शिरल्या शिरल्या "काय करायलात रे लेकरांनो?" असं विचारणाऱ्या. आम्हाला ही बोली नवीन होती. पंख्याखालच्यांनी एकमेकांकडे बघून तोंडावर हात घेतले. पाध्ये सरांना बाईंच्या "करायलात"चा त्रास होत असणार, पण बोलायला जागा नव्हती, कारण बाईंचा ण चांगला ठसठशीत होता.

एक दिवस व्याकरणाचा तास संपला आणि इतिहासाचा सुरू झाला. व्याकरणाच्या तासाला सरांनी आमच्याकडून घोकून घेतलं होतं की वर्ण म्हणजे तोंडावाटे निघणारा मूलध्वनी. अ हा वर्ण, क हा वर्ण, न हा वर्ण, ण हा वर्ण. फळा पुसायचं राहिलं होतं. त्या वर्णमालेखालीच बाईंनी मोठ्या अक्षरात 'वर्णभेद' लिहिलं आणि विचारलं, "सांगा बरं, वर्णभेद म्हणजे काय?" माझा हात वर. मला एरवी कशाचंही उत्तर येत नसे, आणि हे तर समोर फळ्यावरच होतं.

"बाई, वर्नभेद म्हनजे न आनि न मदला भेद."

वर्ग फुटला. पंख्याखाली बसणारी मीनल, जी माझी मैत्रीणही होती, ती हसता हसता बाकाखाली गेली. बाईंना खरंच कळलं नव्हतं. त्यांनी विचारलं, "कोणता न?"

"यो न आनि तो न."

"अगं, पण दोन्ही नच की."

"नाय बाई. तुमी बोलता तो न येगला, आनि आमी बोलतो तो न येगला."

आता खिडकीकडचेही हसायला लागले होते. बाई हसल्या नाहीत. त्या टेबलाला टेकून उभ्या राहिल्या आणि शांतपणे म्हणाल्या, "बरं. मग या भेदानं होतं काय?"

हे तर सोपंच होतं. मी म्हटलं, "तुमचा न ज्याना येतो ते पंक्याखाली बसतात. आमचा न येतो ते खिडकीकडं."

बाईंनी आधी पंख्याखाली बघितलं, मग खिडकीकडे. एकेका चेहऱ्यावर नजर टाकत गेल्या. त्या बघत होत्या म्हणून आम्हीही बघितलं, आणि खरं सांगते, त्या दिवशी पहिल्यांदा दिसलं. इतके महिने आम्ही तसे बसत होतो आणि कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं की हे असं बरोब्बर गाव आणि वसाहत असं वाटलं गेलंय. हसू हळूहळू थांबलं. बाई म्हणाल्या, "शब्दाचा अर्थ चुकला, अरुणा. बाकी उत्तर बरोबर आहे. बस."

मग त्यांनी शिकवायला घेतलं, आणि पुस्तकात जेमतेम अर्धं पान असलेला धडा कितीतरी तास चालला. वर्ण म्हणजे इथे कातडीचा रंग. दूरच्या देशांत गोऱ्यांचं बाक वेगळं आणि काळ्यांचं वेगळं, नळ वेगळे, शाळा वेगळ्या, आणि हे सगळं कायद्यानं. बाईंनी फळ्यावर बाक काढलं. एका बाईंची गोष्ट सांगितली, ज्या कामावरून थकून बसमधून घरी निघाल्या होत्या आणि गोऱ्या माणसासाठी जागा सोड म्हटल्यावर उठल्या नाहीत. त्यानंतर त्या गावातल्या काळ्या लोकांनी वर्षभर बसमध्ये पाय ठेवला नाही, रोज पायी कामावर गेले. हे ऐकून खिडकीकडून कुणीतरी म्हणालं, "बाई, एस्टी येत नाय तवा आमी बी चालतच येतो." बाई म्हणाल्या, "हो की. पण एस्टी येत असताना चालायचं म्हणजे अवघड असतंय."

मी हे सगळं रोज घरी नेत होते. जेवताना माझा तास चालायचा. बाबा घास थांबवून ऐकायचे. त्या आठवड्यात ते निळे होते. त्यांनी आपले दोन्ही हात दिव्याखाली धरून बघितले आणि विचारलं, "मग मना कंच्या बाकावर बसवतील गो?" आई हसून हसून बेजार. आत्या मात्र गंभीरपणे म्हणाली, "लोकाना काय काम नाय. माणसान माणूस..." खरं तर ती "मानसान मानूस" म्हणाली, बघा, लिहिताना हात आपोआप सरांचा होतो.

एके दिवशी मीनलनं विचारलं, "बाई, आपल्याकडे असं नव्हतं ना?" तिला "नव्हतं" हेच उत्तर हवं होतं, तिच्या आवाजावरूनच कळत होतं. बाईंनी हातातला खडू खाली ठेवला. मग म्हणाल्या, "माझे वडील शाळेत दाराबाहेर बसायचे. गुरुजी त्यांची पाटी दुरूनच बघायचे, हातात घ्यायचे नाहीत." मीनलनं विचारलं, "ते काळे होते म्हणून?" बाई हसल्या. "नाही गं. माझे वडील त्या गुरुजींपेक्षा गोरे होते." बाईंनीच मग सांगितलं, अगदी साध्या शब्दांत, की आपल्याकडे रंग बघायची गरज नसते, आडनाव विचारलं की भागतं. आणि फळा पुसून टाकला.

पनवेलला शाळाशाळांची वक्तृत्व स्पर्धा असायची. त्या वर्षीच्या विषयांत एक विषय होता 'वर्णभेद'. बाईंनी माझं नाव दिलं. का, तर माझा आवाज. मिठागराच्या या बांधावरून त्या बांधावरच्या माणसाला जेवायला बोलावत मी वाढले होते. मला माईक लागला नसता. पाध्ये सर हातातला चहा ठेवून उठलेच म्हणे. "बाई, विषयाच्या नावातच ण आहे. पोरगी उभी राहील, विषयाचं नाव घेईल आणि सभागृह हसेल. तिचं हसं होऊ नये एवढंच म्हणतोय मी." ते खरंच एवढंच म्हणत होते. शेवटी असं ठरलं की सर मला रोज शाळा सुटल्यावर शिकवतील. स्पर्धेपर्यंत ण आला तर मी, नाही आला तर मीनल.

मला जायचं होतं. फार जायचं होतं. मला कधीच कुणी कशासाठी निवडलं नव्हतं. शिवाय सांगायलाही माझ्याकडे काहीतरी होतं, पहिल्यांदाच.

परवानगी विचारायला बाई आमच्या घरी आल्या. आईनं धावपळ करून खुर्ची पुसली, आत्यानं चूल पेटवली. इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या, गाव कंचं, मानसं किती, आणि मग आईनं सहज, आमच्याकडे सगळेच विचारतात तसं, विचारलं, "आडनाव काय बाय तुमचां?"

"वाघमारे."

एवढंच. पण आत्या आत गेली आणि चहा घेऊन आली तो फळीवरच्या शेवटच्या कपात. त्या कपाचा कान तुटलेला होता. तो आमच्या इतर कपांत ठेवत नसत. गावाबाहेरच्या वाडीतलं कुणी कामाला आलं की त्याला त्यातून चहा मिळायचा आणि प्यायल्यावर तो माणूस स्वतःच पडवीतल्या बादलीत तो विसळून उपडा घालून जायचा. मी हे जन्मल्यापासून बघत होते आणि त्यात काही बघण्यासारखं आहे हे मला ठाऊक नव्हतं. त्या दिवशी तो कप बाईंच्या हातात बघितला आणि माझे कान तापले.

बाईंनी कपाकडे बघितलं. गरम कप दोन्ही हातांनी धरून चहा प्यायल्या, फुंकर घालत, सावकाश. "चांगला झालाय," म्हणाल्या. मग उठल्या आणि आईला विचारलं, "धुऊन ठेवू का?"

यात टोमणा नव्हता. आपण कुणाकडे गेलो तर विचारतो तसंच विचारलं त्यांनी. म्हणूनच आई गोरीमोरी झाली. तिनं कप त्यांच्या हातातून जवळजवळ हिसकावूनच घेतला. "ठेवा बाय. मी धुतंय." तिनं तो धुतला आणि फळीवर बाकीच्या कपांच्या ओळीत मधोमध नेऊन ठेवला. आत्या चुलीपुढून उठली नाही. बाई निघताना आई त्यांना सोडायला पार एस्टीच्या थांब्यापर्यंत गेली. वाटेत दोघी काय बोलल्या ते मला कधी कळलं नाही. संध्याकाळी बाबा आले, चहा मागितला, आणि आईनं त्यांना मुद्दाम तोच कप दिला. आत्या म्हणाली, "अरे, तो कप..." बाबांना काही माहीत नव्हतं. ते म्हणाले, "काय झाला? कान नाय, पन च्या ऱ्हातो ना त्यान?" आत्या दोन दिवस कुणाशी बोलली नाही.

इकडे सरांची शिकवणी सुरू झाली. "जीभ उलटी वळव. टाळूला टेकव. आता सोड." मी वळवायची, टेकवायची आणि सोडल्यावर बाहेर यायचा न. सरांच्या खिशात लिमलेटच्या गोळ्या असत, बरोबर आला तर एक. पहिले काही दिवस त्या गोळ्या सरांच्या खिशातच विरघळल्या. घरी तर जत्राच. जेवताना बाबा, आई, मी, सगळे जिभा उलट्या करून बसलेलो. बाबा प्रयत्न करायचे आणि त्यांचा होऊन जायचा ड. आई म्हणायची, "जीब उलटी केल्याबिगर सरल बोलता येत नाय, असां कसां गो तुज्या सरांचां?" मी ही शंका सरांपुढेही ठेवली, तर त्यांनी मला आणखी एकदा जीभ वळवायला लावली.

आणि मग एका दुपारी तो आला. अचानक, उचकी लागावी तसा. सरांनी टाळ्याच वाजवल्या. पण आला तो एकटा येईना, सगळीकडेच यायला लागला. मी "णमस्कार" म्हणायला लागले, "माणणीय परीक्षक" म्हणायला लागले, फळवाल्याकडे "अणणस" मागितलं. सरांनी डोक्याला हात लावला. आता ण कुठे म्हणायचा नाही हे शिकवण्यात आणखी दिवस गेले. पण जमलं. शेवटी शेवटी तर मी भाषण सुरू केलं की सर डोळे मिटून ऐकायचे आणि त्यांच्या चेहऱ्यावर देवळात बसल्यासारखं समाधान असायचं. मला त्यांच्याबद्दल फार माया वाटायची तेव्हा. आजही वाटते.

स्पर्धेच्या आधीच्या दिवशी मी शाळेतून धावत आले, दप्तर टाकलं आणि म्हटलं, "आई, पाणी दे."

विचार न करता म्हटलं. म्हणजे तो खराखुरा आला होता. आईला माझ्या तोंडून नेहमी "आय" ऐकायची सवय; तेही त्या दिवशी "आई" झालं होतं. तिनं माठातून तांब्या भरला, माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "घ्या."

माझ्या आईनं मला "घ्या" म्हटलं. रागानं नाही, चिडवायला नाही. तिच्या तोंडून ते आपसूक गेलं, वसाहतीतल्या बायकांशी बोलताना जायचं तसं. आम्ही दोघीही थबकलो. ती लगेच दुसरंच काहीतरी बोलायला लागली. मी पाणी प्यायले. फार वाईट वाटलं, इतकं की रडूही येईना. रात्री भाकरी वाढताना ती म्हणाली, "उद्या मी येनार नाय. तुजे बाबा येतील. मी तोंड उगडलां तर तुजे गुन जातील."

बाबांनी तिला खूप समजावलं. स्पर्धेत फक्त पोरीनं बोलायचं असतं, आईबापांना गुण नसतात, वगैरे. शेवटी ती एका अटीवर तयार झाली. मागे बसेन, पण तिथे कुणाशी एक शब्द बोलणार नाही. कुणी विचारलं तर बाबांनी उत्तर द्यायचं.

पनवेलचं ते सभागृह मला तेव्हा अवाढव्य वाटलं होतं. पुढे तीन परीक्षक, बाजूला पाध्ये सर आणि वाघमारे बाई, आणि अगदी मागच्या रांगेत भिंतीला टेकून माझे बाबा, त्या दिवशी पिवळे, आणि त्यांच्या शेजारी नव्या लुगड्यात आई, पदराचं टोक दातांत धरलेलं. माझं नाव पुकारलं. मी गेले. "आदरणीय परीक्षक, गुरुजन आणि माझ्या मित्रमैत्रिणींनो," सगळे ण जिथल्या तिथे. "माझ्या भाषणाचा विषय आहे, वर्णभेद." सरांचे डोळे मिटले. दूर देशातलं बाक झालं, नळ झाले, बसमध्ये न उठलेल्या बाई झाल्या. पाठ केलेलं सगळं धडधडत चाललं होतं. आता शेवटचा परिच्छेद होता, सरांनी लिहून दिलेला, सुंदर, की आपला देश मात्र या कलंकापासून मुक्त होऊन नवी पहाट पाहतो आहे.

माझी नजर मागे गेली. आई ऐकत होती. ओठ गच्च मिटलेले. आपल्या मुलीचं भाषण ऐकायला आलेली बाई, आणि श्वाससुद्धा चुकीचा सुटू नये म्हणून जपत बसलेली. मला वाटलं, हे मी दूरच्या देशातलं काय सांगत बसलेय. मला त्या क्षणी बक्षीस नको झालं. मला ती ओठ उघडून बसायला हवी होती.

"मी अरुना," मी म्हटलं. "मी खिडकीकडं बसतंय. आमच्या घरान एक कप हाय, कान तुटलेला. आमी तो येगला ठेवत होतो. आमच्या बाईना आमी त्यान च्या दिला. आमाला कोनी शिकवलां नव्हतां असां करायला, आमी बगून बगूनच शिकलो. आनि मी शालेन खिडकीकडं कशाला बसतंय, तां बी मना कोनी सांगितलां नव्हतां. आमच्या देशान बाकावर लिवलेलां नसतां, कोनाचां बाक तां. तरी सगल्याना बरोबर कलतां, कुनी कुठं बसायचां." हे सगळं असंच नसेल बोलले, पण या भाषेत बोलले हे नक्की. सभागृहात कुणीतरी फिसकन हसलं आणि मग कुणी हसलं नाही. मी बाईंकडे बघितलं. त्या खाली मान घालून बसल्या होत्या. सरांनी डोळे उघडले होते आणि ते माझ्याकडे असे बघत होते, जणू हातातली पतंगाची दोरी सुटून गेली आहे, पण पतंग वर जातोय.

बक्षीस मला मिळालं नाही, हे सांगायला नकोच. निकालानंतर मुख्य परीक्षक उठून एकेका स्पर्धकाबद्दल दोन शब्द बोलले. चांगले गृहस्थ होते, मायेनं बोलत होते. माझी पाळी आल्यावर म्हणाले, "कुमारी अरुणा म्हात्रे. आवाज उत्तम. सुरुवातीचे उच्चार तर वाखाणण्यासारखे. पण पुढे पाठांतर कमी पडलं असावं, मुलगी घाबरली असावी, आणि तिच्या तोंडून ण निसटला. तेवढी तयारी केली तर..."

मागे खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. सगळ्यांबरोबर मीही वळून बघितलं. माझी आई उभी होती. बाबांनी तिचा पदर धरला होता खाली बसवायला, तो तिनं सोडवून घेतला आणि मिठागराच्या बांधावरून हाक मारावी तशा आवाजात ती म्हणाली, "निसटला नाय, सायेब. तिनं सोडला."